झांकीतला जपान-अमेरिका करार

त्या वर्षी आमच्या मिलची झांकी निघणार की नाही, हे जपान आणि अमेरिकेवर अवलंबून होतं. हे वाक्य मी इंदुराबाहेर कुठे बोलले की लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमच्याकडे अनंत चतुर्दशीला गणपतीपेक्षा झांक्यांची गर्दी जास्त. प्रत्येक कापड मिलचे कामगार आपापली झांकी काढायचे. मोठाल्या ट्रॉल्यांवर बांबू, चिंध्या आणि कागदाच्या लगद्यातून घडवलेले देव आणि दैत्य उभे असत. त्यांचे हात हलत, डोळे उघडमीट करत आणि सगळ्यांवर दिव्यांच्या माळा. मानपुरापासूनची माणसं ट्रक भरभरून ती बघायला यायची. मिरवणुकीत कोणाच्या मागे कोण हे कधीचं ठरलेलं होतं आणि ती जागा घरच्या जमिनीसारखी जपली जाई. एक वर्ष चुकलं की मागचा पुढे सरकणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि आमची मिल आदल्या हिवाळ्यात बंद झाली होती. एकेक करून सगळ्याच मिला धापा टाकत होत्या. पेपरात रोज नव्या उदार धोरणाचं कौतुक छापून यायचं, दुकानांत परदेशी टीव्ही लागलेले असायचे आणि आमच्या गल्लीतले पुरुष भर दुपारी ओट्यावर बसलेले असायचे. बाबा विणाई खात्यात फिटर होते. गेटाला कुलूप लागलं तरी पहिल्या भोंग्याच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, आणि मग कुठे जायचं नाही हे आठवून पेपर उघडायचे. झांकी निघाली तर आपण अजून मिलवाले, नाही निघाली तर संपलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. झांकीतलं सगळं हलणारं, फिरणारं, वाकणारं यंत्र वर्षानुवर्षं त्यांच्याच हातचं होतं.

पण यंत्रावर चढवायला मूर्ती लागते, आणि मूर्ती घडवणारे काकाजी बाबांशी बोलत नव्हते.

काकाजी रंगखात्यातले. अस्सल माळवी माणूस, आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. बाबा लाल झेंड्याचे, काकाजी दुसऱ्या युनियनचे; तरी संध्याकाळचा चहा रोज आमच्या ओट्यावर व्हायचा आणि दोघं एकमेकांच्या पुढाऱ्यांची यथेच्छ टर उडवायचे. मिल बंद झाली तेव्हाच्या शेवटच्या गेट मीटिंगमध्ये बाबांच्या हातात माइक आला आणि डोक्यात राख. सगळ्यांसमोर त्यांनी काकाजींना मालकाचा माणूस म्हटलं. काकाजी तिथूनच उठून घरी गेले. त्या दिवसापासून चहाचा एक कप आई उगाचच धुऊन परत फळीवर ठेवायची.

आता मी. मी राज्यशास्त्रात एम.ए. करून एम.फिल.चा प्रबंध लिहीत होते आणि विषय होता जपान-अमेरिका सुरक्षा करार. विषय मीच हट्टाने घेतला होता. नातेवाइकांपैकी कोणालाही तो सांगितला की पहिला प्रश्न यायचा, "नोकरी कुठे लागेल मग, जपानात का अमेरिकेत?" मला मात्र ती गोष्ट विलक्षण वाटायची. ज्यांनी एकमेकांची जहाजं बुडवली, एकाने तर दुसऱ्याची शहरं जाळली, तेच दोघे काही वर्षांत एका टेबलाशी बसतात आणि ठरवतात, की जपानवर कोणी चालून आलं तर अमेरिका लढेल, आणि त्या बदल्यात जपान आपल्या भूमीवर अमेरिकेला तळ देईल. अमेरिकेवर संकट आलं तर तिच्या घरी धावून जायची सक्ती जपानवर नाही. हा बरोबरीचा करार की मोठ्याने धाकट्याला पदरात घेतल्याचा? यावर माझा अख्खा प्रबंध होता. बाबा ओट्यावर बसून दातेरी चाकं घासायचे आणि मी त्यांना लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यांच्यासारखा श्रोता मला पुन्हा मिळाला नाही, कारण अमेरिकेचं नाव आलं की ते शिवी द्यायला हमखास जागे व्हायचे.

श्रावणात झांकीच्या मंडळाची बैठक आमच्या ओट्यावर भरली. वर्गणी जेमतेम, नवीन सामान आणणं अशक्य. मिलच्या शेडमध्ये जुनी भरतभेट पडून होती. दोन मोठ्या मूर्ती, एक दुसरीकडे चालत येते आणि मग मिठी. तीच वापरायची, पण लोकांनी आधी पाहिलेली, तर नवं काय दाखवायचं? बाबा खाकरले.

"जपान-अमेरिका करू," बाबा म्हणाले. "दुश्मन होते, गळे लागले. पोरगी रोज वाचते, मला सगळं मालूम आहे. मशीन तीच, फक्त कपडे बदलायचे."

मी आतून धावत बाहेर आले. मला वाटलं कोणीतरी हसेल, विषय उडेल. पण मंडळातली म्हातारी मंडळी गंभीरपणे माना हलवत होती. एकाने विचारलं, जपानचा माणूस ओळखू कसा येणार? मी म्हटलं, ते आता सूट घालतात. सगळे एकमुखाने म्हणाले, मग नाही चालणार.

रात्री जेवताना मी आईला म्हटलं, बाबांना अचानक परराष्ट्र धोरणाची एवढी ओढ कुठून लागली?

"त्यांना जपानचं काय पडलंय," आई म्हणाली. "दुश्मन गळे लागले, एवढंच ऐकलंय त्यांनी. तोंडाने बोलता येत नाही तर झांकीतून बोलताहेत."

मंडळाने काकाजींकडे माणूस पाठवला. काकाजी म्हणाले, मूर्ती माझ्या आहेत, मी बघेन, पण त्या नेत्याशी बोलणार नाही. यावर मिलच्या माणसांनाच सुचेल असा तोडगा निघाला. त्यांनी शिफ्ट लावल्या. पहिली पाळी काकाजींची, दुसरी बाबांची. चौकीदाराने बाजूचं फाटक उघडून दिलं होतं. काकाजी सकाळी शेडमध्ये मूर्तींवर काम करून निघून जायचे आणि दुपारी बाबा जायचे. पण मूर्ती आणि मशीन एकमेकांत अडकलेली, एकाचं दुसऱ्यावाचून पान हलेना. म्हणून दोन्ही पाळ्यांच्या मधे निरोप न्यायला आणायला मला नेमलं. आई मला राजदूत म्हणायला लागली. "एवढं शिकलीस, नोकरी लागली एकदाची," म्हणायची.

नोकरी तशी जोखमीची होती. बाबा सांगायचे, "त्या मालकाच्या चमच्याला बोल, कमरेचा सांधा जाम केलाय त्याने. लगदा थापलाय का सिमेंट?" मी मागच्या गल्लीत जाऊन सांगायचे, "काकाजी, बाबा पूछ रहे थे, कमर का जोड़ थोड़ा ढीला हो सकता है क्या?" काकाजी बिडी विझवून म्हणायचे, "बोल देना नेताजी को, तेल डाल ले। थोड़ा जबान में भी डाल ले।" मी घरी येऊन सांगायचे, काकाजी म्हणतात तेल घालून बघा. दोन्हीकडे माझी वाहवा होत होती. पुस्तकांतून मुत्सद्देगिरी शिकणाऱ्या किती जणांना इतकी रोजची प्रॅक्टिस मिळाली असेल?

काकाजींनी दोन्ही देवांची डोकी उतरवून, मऊ कापडात गुंडाळून उंच फळीवर ठेवली आणि नवी डोकी घडवली. अमेरिकेला चांदण्यांची उंच टोपी आणि निळा कोट. जपानच्या झग्यासाठी आईने आपली जुनी महेश्वरी साडी दिली. तिचे काठ इतके सुंदर दिसले, की असा जपान जपान्यांनीही पाहिला नसेल. वरचं राजछत्र तसंच ठेवलं. माझ्या प्रबंधात अमेरिकेच्या अण्वस्त्रांची छत्री पानोपानी होती, त्यामुळे छत्र काढा असं मी तरी कोणत्या तोंडाने सांगणार?

डोकी घडवताना काकाजींनी मला विचारलं, "सब ठीक है बेटा, पर इसमें राक्षस कौन है?"

झांकी म्हटली की राक्षस हवाच, त्यांचं तसं बरोबर होतं. मी म्हटलं, रशिया होता, पण तो तुटला.

"तो फिर अब काय की दोस्ती?"

मला थोडा रागच आला, कारण हाच प्रश्न माझ्या सरांनी आठवड्याभरापूर्वी विचारला होता. सर शहराबाहेर राऊ गावात नव्या घरात राहायला गेले होते. मी टेम्पोतून हाडं खिळखिळी करून घेत तिथवर जायचे आणि ते चहा पाजून मला नेमक्या जागी टोचायचे. शत्रू गेल्यावर करार कशासाठी? मी काकाजींनाही तेच सांगितलं जे सरांना सांगितलं होतं. शत्रू गेला तरी दोघांनी करार मोडला नाही, उलट पुन्हा बसून त्याची उजळणी केली. इतक्या वर्षांत एकमेकांची सवय झाली होती, एकट्याने राहायची भीती होती आणि शेजारी कोण कधी उठेल याचा भरवसा नव्हता. तळ असलेल्या बेटांवरचे लोक चिडलेले होते, व्यापारात तर रोज भांडण होतं. तरी टेबल सोडलं नाही. काकाजी ऐकत राहिले. मग म्हणाले, "भांडते भी हैं और बैठते भी हैं।" आणि जपानच्या मिशा काढाव्या की ठेवाव्या ते विचारू लागले.

पहिली ट्रायल बाबांच्या पाळीत झाली. मोटर लावली. महेश्वरी नेसलेला जपान डुलत डुलत पुढे आला, थांबला, कमरेत वाकला आणि त्याने सरळ अमेरिकेच्या पायांवर डोकं ठेवलं. अमेरिकेने त्याला उठवून पोटाशी धरलं. शेडमध्ये टाळ्या पडल्या.

मी ओरडलेच. भरताच्या जागी जपान म्हटल्यावर भरताचा नमस्कारही त्याच्याकडे आला, हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं! माझ्या सरांनी हे पाहिलं असतं तर माझा प्रबंध तिथल्या तिथे निकालात निघाला असता.

"मग काय झालं?" बाबा म्हणाले. "लहान आहे ना तो."

"कोण लहान आहे?"

"जपान. नकाशात बघ."

मी डोक्याला हात लावला. पण माझ्या डोक्यापेक्षा मोठी पंचाईत त्याच ट्रायलमध्ये झाली होती. जनरेटर भाड्याचा, लहानसा. मोटर फिरली की दिवे काजव्यासारखे व्हायचे. दिव्यांशिवाय झांकी कसली? म्हणून बाबांनी मोटर काढून टाकली आणि दोन्ही मूर्तींना हाताने फिरवायचे दोन दांडे बसवले. ट्रॉलीच्या फळ्यांखाली एका बाजूला एकाने, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याने बसायचं. वजन असं, की सांधा ओळखणाऱ्या माणसालाच ते पेलणार. जपानचा सांधा काकाजींचा, म्हणून जपानखाली ते. अमेरिकेखाली बाबा. जन्मभर अमेरिकेच्या नावाने बोटं मोडलेला माणूस अमेरिकेच्या पायाखाली बसणार होता आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

मी हे सांगायला मागच्या गल्लीत गेले तेव्हा काकाजी जेवत होते. घास तसाच राहिला.

"मतलब मेरा वाला उसके वाले के पाँव पड़ेगा?"

मी म्हटलं, ते जपान आणि अमेरिका आहेत, काकाजी.

"ना बेटा ना। सब के सामने उसने बोला था, अब सब के सामने मैं पाँव पडूँ? ना।"

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी झाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अनंत चतुर्दशी तोंडावर आलेली. बाबा शेडमध्ये जाऊन नुसते बसून यायचे. आमच्या मागच्या नंबरच्या मिलवाल्यांनी विचारणा केली, तुमची निघते आहे ना, नाहीतर आम्हाला पुढे सरकावं लागेल. अगदी आदराने विचारलं त्यांनी. बाबा "निघणार, निघणार" म्हणाले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मला त्यांचा इतका कळवळा आला आणि तितकाच रागही. एक वाक्य, एकच, मागच्या गल्लीत जाऊन बोलायचं होतं. ते होत नव्हतं.

मी वाचनालयात गेले आणि जुन्या मासिकांचा गठ्ठा काढला. एका फोटोत जपानचे आणि अमेरिकेचे पुढारी भेटत होते. जपानी कमरेतून वाकलेला, आणि समोरचा अमेरिकन, हात पुढे करावा की आपणही वाकावं या घोळात, अर्धवट वाकलेला. मी टेबलावर थाप मारली तेव्हा शेजारचे आजोबा दचकले. जपानात वाकणं म्हणजे पाया पडणं नव्हेच! तिथे भेटणारे दोघंही वाकतात.

मी मासिक घेऊन आधी बाबांकडे गेले. "बाबा, अमेरिकेलाही वाकवायचं. चालेल?"

बाबा उठून बसले. "अमेरिका झुकणार? सगळ्या शहरासमोर?" त्यांचा चेहरा उजळला. "मग तर पाहिजेच. पण त्या बाजूची मूर्ती वाकतच नाही. रामाला कमर ठेवलीच नव्हती आपण."

खरंच होतं. भरतभेटीत राम वाकत नाही, म्हणून काकाजींनी ती मूर्ती एकसंध केली होती. ती कापून आत सांधा घालायचा तर ते काम त्यांच्याखेरीज कोणाला जमणार नव्हतं. मी मासिक काकाजींसमोर धरलं. त्यांनी चष्मा लावून तो फोटो बराच वेळ न्याहाळला.

"दोनों झुकते हैं?"

"दोनों."

"और उसको मालूम है? नेताजी को?"

"मालूम है. खुश हैं."

ही मात्र पूर्ण खरी गोष्ट होती, त्यात मला काहीच कापाकापी करावी लागली नाही. खुशीचं कारण मी सांगितलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी शेडमध्ये आले. फळीवरच्या गुंडाळलेल्या डोक्यांना हात जोडले आणि करवत घेतली. दुपारी बाबा पोचले तेव्हा अमेरिकेला कमर होती, आणि सांधा इतका हलका फिरत होता की बाबा पुन्हा पुन्हा फिरवून बघत बसले. "कसब आहे त्याच्या हातात," एवढंच म्हणाले. हा निरोप मला पोचवायला सांगितला नव्हता, तरी मी पोचवला.

तालमी सुरू झाल्या तेव्हा दोघांना एका पाळीत यावंच लागलं. ट्रॉलीच्या दोन बाजूंनी दोघे फळ्यांखाली शिरायचे आणि एकमेकांना दिसायचे नाहीत, याने दोघांची सोय झाली होती. मी मधे उभी राहून टाळी वाजवायचे. टाळी वाजली की दोन्हीकडचे दांडे फिरायचे आणि जपान-अमेरिका एकमेकांसमोर वाकायचे. राजदूताचं काम शेवटपर्यंत सुटलं नाही म्हणायचं.

अनंत चतुर्दशीला सूर्य कलला तेव्हा आमची ट्रॉली आपल्या जागी लागली. पुढे अखाड्याची पोरं बनेठीच्या पेटत्या काठ्या फिरवत होती, मागे ढोल, त्यामागे दुसऱ्या झांकीचा भोंगा. दिवे लागले. आईची साडी अशी झळकली की तिने मला चिमटाच काढला. लाउडस्पीकरवरून आमच्या मिलचं नाव पुकारलं. मिल बंद होती, पण नाव पुकारलं गेलं. माझे डोळे भरून आले.

मी टाळी वाजवली. ढोलांत ती मलासुद्धा ऐकू आली नाही. पुन्हा वाजवली. जपान ताठ, अमेरिका ताठ. लोक बघत होते. स्वयंसेवक ओरडला, "क्या हुआ भिया, चालू करो, नी तो आगे बढ़ाओ!" मी ट्रॉलीवर थापा मारल्या, हाका मारल्या. खाली दोघे माझ्या टाळीची वाट बघत बसले असणार, आणि दुसरा फिरवतो की नाही या शंकेने एकही दांडा हलत नव्हता.

मग फळ्यांखालून आवाज आला. चालत्या मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून जन्म गेलेला, ढोलांनाही न जुमानणारा माझ्या बाबांचा आवाज.

"अरे भिया! मी झुकतोय रे! तू पण झुक!"

 आणि मग पलीकडच्या फळ्यांखालून तेवढ्याच जोराने, "तो झुक ना! मैं कब से बैठा हूँ!"

अमेरिका वाकली, जरा आधीच. जपान वाकला. अमेरिकेची टोपी पडली आणि गर्दीतून हशा आणि टाळ्या एकदमच उसळल्या. ट्रॉली हलली, आपल्या जागेवरून, आपल्या नंबरवर. पुढे सबंध रस्ताभर फळ्यांखालून ते चाललं होतं, "झुक रे," "रुक, तेल लाऊँ," "अरे हळू, मानेला लागेल," "तेरी मान या इसकी?" इतक्या महिन्यांचं साठलेलं बोलणं ते दोघे जपान-अमेरिकेच्या पायाखाली बसून संपवत होते.

मी थोडा वेळ ट्रॉलीबरोबर चालले. मला कोणी काही सांगायला पाठवत नव्हतं. शेवटी मी आईजवळ जाऊन उभी राहिले.

"गेली बाई तुझी नोकरी," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसत हसली.

त्या वर्षांत इंदुरात कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या. नोकरी गेली म्हणून भर रस्त्यात आईच्या गळ्यात पडून हसणारी मी एकटीच असेन.